गाडीतला आकडा

रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकून घरात दिवा लावणं हा गुन्हा आहे. वीज कायदा, २००३ च्या १३५व्या कलमात तो सविस्तर लिहिलेला आहे आणि त्यात तुरुंगाचीही सोय आहे. मात्र हाच आकडा स्वतःच्या मोटारीत टाकून घेतला की त्याला 'अ‍ॅक्सेसरी बसवणं' म्हणतात, आणि टाकणाऱ्याला आपण वर चहाही पाजतो.

बँकेत आकड्यांशीच संसार करण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. संध्याकाळी हिशेबात दोन रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत मला घरची वाट दिसत नाही. त्यामुळे या दुसऱ्या आकड्याविरुद्ध मी बोलायला लागलो की आमची सौ. म्हणते, "तुम्ही कॉमर्सचे. तुम्हाला विजेतलं काय कळतंय?" माझं म्हणणं असं की, मोटारीतली वीज कळायला सायन्स लागतच नाही. जमाखर्च कळला की पुरे. तो जमाखर्च आज मी इथे मांडणार आहे. ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला तरी चालेल. ज्यांनी गाडीच्या वायरी तोडून घेतलेल्या आहेत, त्यांनी मात्र बसून वाचावा.

आपला मध्यमवर्गीय माणूस गाडी घेतो ती यादीतली सगळ्यात खालची. कर्जाचा हप्ता त्याला तेवढीच परवानगी देतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण गाडी दारात आल्यावर आठव्या दिवशी त्याला शेजाऱ्याची यादीतली सगळ्यात वरची गाडी दिसते. मग 'शोरूमवाले याच्यासाठी दीड लाख जास्त घेतात, आपण बाहेरून पंधरा हजारांत करू' अशी एक दिव्य कल्पना त्याच्या डोक्यात शिरते. फॉगलॅम्प, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा, ताटाएवढा स्क्रीन, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, पायापाशी निळा उजेड, ब्रेक दाबला की लुकलुकणारी पट्टी आणि डॅशबोर्डवर रंग बदलणारी प्रभावळ असलेला गणपती, असा सगळा रुखवत मांडला जातो. आमच्या सोसायटीतली एक गाडी तर रिव्हर्स घेताना आरती म्हणते. रात्री साडेअकराला ते गृहस्थ गाडी लावतात, तेव्हा निम्मी इमारत झोपेत टाळ्या वाजवते.

शोभेला माझा विरोध नाही. ज्याला आवडेल त्याने गाडीत तोरण लावावं. माझा वाद आहे तो या सगळ्या वस्तू वीज कुठून घेतात, यावर.

परवा आमचे मेहुणे मला दुकानात घेऊन गेले. "भाऊजी, चला, दोन मिनिटांचं काम आहे" म्हणाले. दोन मिनिटांचं काम म्हटलं की मी डबा घेऊन जातो. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला एक शटर, बाहेर चार गाड्या आणि त्यांच्याखालून बाहेर आलेले आठ पाय. वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा मेहुण्यांच्या गाडीत डोकं खाली, पाय वर, अशा योगासनात शिरला. प्लास्टिकचं झाकण त्याने नखाने उपटलं. आत हाताच्या मनगटाएवढा वायरींचा जुडगा होता. त्यातली एक वायर त्याने टेस्ट लॅम्पने टोचली, दिवा लागला, पोरगा हसला. मग त्या वायरीचं कातडं दाताने सोललं, नवी वायर तिच्याभोवती पिळली, वर काळी चिकटपट्टी दीड वेढा गुंडाळली आणि झाकण पुन्हा बसवलं.

"ही वायर कशाची होती रे?" मी विचारलं.

"लाइनीची," तो म्हणाला.

"कसल्या लाइनीची?"

"काका, त्यात करंट येतोय ना? मग झालं की!"

वाचकहो, बँकेत उद्या मी असं केलं तर? एका खातेदाराला पाच हजार हवे आहेत. मी समोरचं एक पासबुक उघडतो, त्यात शिल्लक दिसते, तेव्हा त्यातून पाच हजार काढून याला देतो. पासबुक कुणाचं? शिल्लक आहे ना? मग झालं की! मला त्याच दिवशी निलंबनाचा कागद मिळेल. त्या पोराला मात्र साडेसातशे रुपये मिळाले.

आता हिशेब. गाडीची बॅटरी हे बचत खातं समजा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर त्यात पगार भरतो. दिवे, हॉर्न, वायपर हा घरखर्च. सगळा व्यवहार बारा व्होल्टचा. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर येतात, म्हणजे वायरीतून खरोखर किती वीज वाहते ते कळतं. हा भागाकार चौथीतल्या मुलाला येतो. पंचावन्न वॉटचा एक दिवा साडेचार अँपिअरच्या थोडा वर मागतो, दोन दिवे नऊच्या वर. गाडी बनवणाऱ्याने हा भागाकार आधीच केलेला असतो, आणि त्या मापाची वायर घालून तिच्या तोंडाशी फ्यूज बसवलेला असतो.

फ्यूज कशासाठी असतो, हे दहा गाडीवाल्यांना विचारा. नऊजण म्हणतील, दिवा जळू नये म्हणून. चूक. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून. तो कर्जाला जामीन राहिलेला सज्जन मनुष्य आहे. आपली ऐपत दहा अँपिअर, असं तो अंगावर लिहून उभा असतो. त्याच्यापेक्षा जास्त मागणी झाली की तो स्वतः संपतो आणि घर वाचवतो. दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा, असे त्यांचे रंगही ठरलेले आहेत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही चूक करता येऊ नये. तरी आपण करतो. दहाचा फ्यूज दोनदा गेला की आपला इलेक्ट्रिशियन तिथे विसाचा घालतो. त्याने काय होतं? दिवा लागतो, सगळे खूश होतात, आणि आता वितळायची पाळी वायरीची असते. पूर्वी तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळणारे महाभाग होते. धूम्रपान आरोग्याला हानिकारक आहे, हे गाडीच्या बाबतीत तेव्हाच सिद्ध झालं होतं.

दुसरा हिशेब उष्णतेचा. जेम्स जूल नावाचा एक इंग्रज होता. घरचा धंदा बिअर गाळण्याचा, पण या माणसाने १८४१ साली लिहून ठेवलं की वायरीत निर्माण होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. हे चक्रवाढ व्याजासारखं आहे, दिसताना थोडं आणि फेडताना घर विकायला लावणारं. कंपनीचा हेडलाइटचा बल्ब साठ वॉटचा असतो. 'रात्री नीट दिसत नाही' म्हणून आपण शंभर वॉटचा घालतो. आपल्याला वाटतं, पावणेदोनपटसुद्धा वाढ नाही. पण जुन्याच वायरीत उष्णता पावणेतीनपटीहून जास्त होते. वायर बिचारी बोलत नाही. ती फक्त वास सोडते, आणि त्या वासाला आपण 'क्लच जळला वाटतं पुढच्या गाडीचा' म्हणून पुढच्या गाडीकडे बघतो.

या बाबतीत प्रतिपक्षाचं म्हणणं मी शांतपणे ऐकून घेतलेलं आहे. त्यांचा पहिला मुद्दा, "इतक्या गाड्यांना बसवलंय, चालतंय की!" कबूल. चालतंय. न तपासलेलं कर्जही पहिले सहा हप्ते छान चालतं. पिळून जोडलेली वायर पहिल्या दिवशी उत्तमच चालते. मग रस्त्यातले खड्डे तिला हलवू लागतात. मे महिन्यात बंद गाडीत चिकटपट्टीचा डिंक पातळ होतो आणि पट्टी केळ्याच्या सालीसारखी सुटते. जूनमध्ये पाणी शिरतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की जो हिरवा कळंक येतो, तोच तांब्याच्या उघड्या तारेवर चढतो. कळंक आला की सांध्याचा विरोध वाढतो, विरोध वाढला की तिथेच उष्णता होते. हे सगळं प्लास्टिकच्या झाकणाआड, आपल्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, बिनबोभाट चाललेलं असतं.

दुसरा मुद्दा, "पूर्वी कुठे काय होत होतं?" पूर्वीची पद्मिनी फियाट आठवा. मुंबईच्या टॅक्सीतून ती २०२३ साली निवृत्त झाली. तिच्या वायरी मोजक्या, आणि वायर म्हणजे वायर होती. दिव्याची वायर दिव्याला वीज न्यायची, बाकी तिला काही माहीत नसायचं. आजच्या गाडीतल्या निम्म्या वायरी वीज वाहतच नाहीत, निरोप वाहतात. मागच्या दिव्याला किती प्रवाह जातो यावर एक संगणक डोळा ठेवून असतो. तिथे तुम्ही लुकलुकणारी पट्टी जोडली की त्याला वाटतं काहीतरी बिघडलं. मग डॅशबोर्डवर पिवळी खूण लागते आणि तुम्ही इंजिन तपासायला नेता. तो संगणक जळला तर त्याची किंमत ऐकून माणूस पट्टीसकट गप्प बसतो.

आणि त्याच जुडग्यात एअरबॅगच्या वायरी असतात. त्यांची कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळी असतात, ती याचसाठी की कुणी हात लावू नये. टेस्ट लॅम्पने तीच वायर टोचली तर एअरबॅग जागच्या जागी फुटू शकते, आणि तेव्हा पोराचं डोकं कुठे असतं ते मी वर सांगितलंच आहे. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातही काही गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग दडवलेली असते. कॅमेऱ्याची वायर तिच्यावरून, पुढून ओढून नेली, तर अपघाताच्या क्षणी ती पिशवी नीट उघडण्याऐवजी वायरीशी झटापट करत बसेल. अपघात टिपणारा कॅमेरा लावताना अपघातात वाचवणारी पिशवीच बांधून ठेवायची, याला काय म्हणावं?

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका, "इन्शुरन्स आहे ना!" वाचकहो, आम्हा बँकवाल्यांना बारीक अक्षरं वाचायची सवय असते. वाहनविम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक किंवा विद्युत बिघाड हा भरपाईतून वगळलेला असतो. कंपनीने न बसवलेल्या विजेच्या वस्तूंसाठी अर्जात वेगळा रकाना असतो, तो आपण रिकामा ठेवतो, कारण त्याने प्रीमियम वाढतो. मग सर्वेक्षक येतो. जळक्या जुडग्यात त्याला दीड वेढा चिकटपट्टी दिसते. त्यानंतर जो पत्रव्यवहार सुरू होतो, तो मुलं मोठी होईपर्यंत चालतो. आणि ते नाना सुरांचे हॉर्न? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११९व्या नियमाने ते केव्हाच मना केलेले आहेत. त्यांची तर पावतीसुद्धा दाखवायची सोय नाही.

हा सगळा विनोदाचा विषय आहे असं मलाही बरेच दिवस वाटे. मग आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरांची हकीकत घडली. भला माणूस. नोटा मोजताना सुद्धा त्यांचा हात कधी जोरात पडला नाही. त्यांनी पावसाळ्यात कोकणात जायचं म्हणून जादा फॉगलॅम्प बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने ते डाव्या हेडलाइटच्या वायरीला पिळले. त्या वायरीवर मुळात साडेचार अँपिअर, वर आणखी नऊ. बेरीज पावणेचौदा. दहाचा फ्यूज गेला, तिथे विसाचा आला. जुलै महिन्यात, रात्री नऊच्या सुमाराला, आंबा घाट उतरताना गाडीत आधी वास आला. डाव्या वायरीचं कातडं वितळून ती शेजारच्या वायरीला चिकटली आणि पुढचे सगळे दिवे एकदम गेले. धुकं, पाऊस, वळण, एका बाजूला दरी. मागच्या सीटवर त्यांची आई आणि आठ वर्षांची मुलगी.

त्यांनी गाडी जागच्या जागी थांबवली, हे त्यांचं शहाणपण. मागून एसटी आली. ड्रायव्हरने काय झालंय ते पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या पुढं चला, मी उजेड देतो." सगळा घाट ती एसटी त्यांच्या मागे प्रवाशांसकट सायकलच्या वेगाने उतरली. बसमधल्या एकाही माणसाने 'उशीर होतोय' म्हटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात हेडकॅशियर कामावर आले. हकीकत सांगताना त्यांनी नोटांचं एक बंडल तीनदा मोजलं. तिन्ही वेळा वेगळा आकडा आला.

म्हणून म्हणतो, यात दोष कुणाचा ते एकदा नीट सांगायला हवं. सगळे त्या पोराला शिव्या देतात. मी देणार नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि ज्याला शिकवलेलं असतं त्याचा दर आपल्याला परवडत नाही. त्याच दुकानाचा मालक मेहुण्यांना आधी म्हणाला होता, "साहेब, रिले आणि फ्यूजसकट वेगळी लाइन टाकून देतो, आठशे रुपये जास्त होतील." त्यावर मेहुणे म्हणाले, "ते राहू दे हो, साधंच करा." दहा लाखांची गाडी, पंधरा हजारांची शोभा, आणि आठशे रुपयांपाशी येऊन आपल्याला काटकसर आठवते! भाजी घेताना कोथिंबीर फुकट मागावी, तशी आपण सुरक्षितता मागतो. मिळाली तर वर, नाही तर राहिलं.

रिले ही चीज काय आहे ते त्या आठशे रुपयांसाठी सांगतो. बँकेत कोट्यवधींचं कर्ज तिजोरीतून जातं, पण साहेब स्वतः पोती उचलत नाहीत. ते फक्त सही करतात. रिले म्हणजे तो साहेब. डॅशबोर्डच्या बटणातून त्याच्याकडे जेमतेम पाव अँपिअरचाही प्रवाह येत नाही, तेवढ्या सहीवर तो तीस-चाळीस अँपिअरचा मोठा दरवाजा उघडतो. मोठा प्रवाह बॅटरीपासून दिव्यापर्यंत स्वतःच्या जाड वायरीने जातो. बटण गरम होत नाही आणि कंपनीच्या वायरीला धक्काही लागत नाही.

मग मागायचं काय? दुकानात गेल्यावर एवढं ठामपणे म्हणा. जास्त वीज खाणाऱ्या वस्तूला बॅटरीपासून वेगळी वायर. त्या वायरीला बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत, मापाचा फ्यूज, कारण फ्यूजच्या आधीचा तुकडा बेवारशी असतो. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूच, नाहीतर पत्रा वायरीला रोज थोडी थोडी कापतो. कॅमेऱ्यासारख्या किरकोळ वस्तूला फ्यूजबॉक्समधल्या योग्य जागेतून, स्वतःचा छोटा फ्यूज असलेला जोड घेता येतो. त्यासाठी एकही वायर सोलावी लागत नाही. जिथे सांधा करणं भागच आहे तिथे दाबून बसवायची कनेक्टर किंवा डाग देऊन वर गरम करून आवळणारी नळी. पिवळ्या कनेक्टरला हात नाही. आणि शेवटी एक कागद. कुठली वायर कुठून घेतली, फ्यूज किती अँपिअरचा, याची चार ओळींत नोंद. व्हाउचरशिवाय आम्ही पाच रुपयांची एन्ट्री करत नाही. उद्या गाडी विकाल, तेव्हा घेणाऱ्याच्या हातात तो कागद द्या. त्याच्याही मागच्या सीटवर कुणीतरी बसणार आहे.

गाडी उभी असताना चालणाऱ्या कॅमेऱ्याचाही हिशेब करा. तो पाव-अर्ध्या अँपिअरच्या मधलं काहीतरी खातो. शून्य पूर्णांक तीन धरले तरी दिवसाला सात अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी पस्तीसची. दिवाळीला चार दिवस गावी जाऊन आलात की खात्यात गाडी सुरू होण्यापुरतीही शिल्लक नसते, आणि भाऊबीजेला जाताना सगळी सोसायटी तुमची गाडी ढकलत असते. कॅमेऱ्यात ते दृश्य येत नाही, कारण तोही बंद पडलेला असतो. व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की कॅमेऱ्याची वीज आपोआप तोडणारा संच मिळतो. तो घ्या. किमान शिल्लक ठेवण्याचा नियम आमच्या बँकेने लावला की तुम्ही चिडता, पण बॅटरीला तो लावून घ्याच.

येत्या दसऱ्याला तुम्ही गाडी धुवाल. झेंडूचा हार घालाल, बॉनेटवर स्वस्तिक काढाल, चाकाखाली लिंबू ठेवाल. सगळं करा, मीही करतो. फक्त हार घालण्याआधी बॉनेट एकदा उघडा आणि बॅटरीपासून निघालेल्या प्रत्येक जादा वायरीवर बोट ठेवत जा. वीतभराच्या आत फ्यूज लागला तर गाडीला नमस्कार करा. नाही लागला, तर आधी आठशे रुपये खर्च करा. लिंबू चाकाखाली तेवढा वेळ थांबेल.